मागे जाड, पुढे गोटा

स्प्लेंडरला मागे जाड टायर बसवायचा, चेनकव्हर काढून फेकायचं आणि रीलखाली लिहायचं, 'ग्रिप'. हे सर्रास चाललंय. मीही केलंय: 80 च्या जागी 100 चा घातला. "बसेल ना?" विचारलं, तर गॅरेजवाला म्हणाला, "बसवला की बसतोय."

बसतो, पण कसा? स्प्लेंडरच्या टायरवर 80/100-18 लिहिलेलं असतं. म्हणजे रुंदी 80 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 100 टक्के, रिम 18 इंची. या रिमची रुंदी दीड इंचाहून किंचित जास्त. 100/90 च्या टायरला याहून बरीच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा फुगतो आणि रस्त्याला टेकतो मधला पट्टा. पैसे मात्र पूर्ण रुंदीचे. रिम रुंद असेल, कंपनीनंच ते माप चालतं म्हटलं असेल, तर खुशाल घाला.

वजन आणि हवा तेवढीच असेल, तर टेकणारं क्षेत्रफळही जवळपास तेवढंच राहतं. लांबटऐवजी आडवं होतं, एवढंच. पकड ठरते रबरावर, उरलेल्या नक्षीवर आणि हवेवर. हवा शेवटची कधी तपासलीत?

आमच्याकडं काळी माती. पहिल्याच पावसात शेताच्या वाटेवर मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल असा गच्च बसला की चाक फिरेना. मी काडीनं खरवडत बसलो होतो आणि चुलते त्यांच्या जुन्या सीडी-100 वर, त्या काटकुळ्या टायरांवर, शेजारून निघून गेले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

पण माझा खरा राग वेगळा आहे, आणि तो स्वतःवरच आहे. जोरात ब्रेक मारला की वजन पुढं येतं. गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. माझा पुढचा टायर गोटा झाला होता. खाचेतल्या टीडब्ल्यूआयच्या उंचवट्यापर्यंत झीज आली की टायर संपला, हे ठाऊक असूनही मी पैसे मागे घातले. कारण सिग्नलला लोकांना मागचा दिसतो.

बहिणीला बारावीच्या पेपरला सोडायला निघालो होतो. वळणावर मुरूम सांडलेला, समोर कुत्रं आलं, ब्रेक मारला आणि पुढचं चाक निसटलं. तिच्या उजव्या कोपराला सात टाके पडले. पेपर तिनं त्याच हातानं लिहिला, अर्धा तास उशिरा पोचून.

आता दोन्ही टायर मूळ मापाचे आहेत. जाड टायर गोठ्याच्या पत्र्यावर ठेवलाय. वाऱ्यात पत्रा हलत नाही.