चेहरा बदलला, मालकाला काय मिळालं?

दसरा-दिवाळीच्या बुकिंगचा मोसम आला की शोरूममध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "नवं मॉडेल येतंय म्हणे, थांबू का?" त्याआधी विचारायला हवं की, त्यात नवं नेमकं काय आहे?

थोड्या थोड्या काळाने रूप पालटायची रीत १९२० च्या दशकात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी रुजवली. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत बाजारात होती. स्लोन यांचं गणित वेगळं होतं. धडधाकट गाडीही मालकाच्या नजरेतून उतरली, की तो पुढची घ्यायला येतो. थोडक्यात, ही सोय विकणाऱ्याची.

अर्थात काहीच न बदलण्याची किंमतही आपण मोजली आहे. १९५८ ते २०१४ अशी तब्बल ५६ वर्षं अॅम्बॅसेडर जवळजवळ त्याच ढाच्यात निघाली, कारण त्यातला बराच काळ गिऱ्हाइकाला फारसा पर्यायच नव्हता. त्यामुळे माझी तक्रार बदलाबद्दल नाही, फेसलिफ्टच्या नावाखाली दर तीन वर्षांनी होणाऱ्या रंगरंगोटीबद्दल आहे.

फेसलिफ्टमध्ये बदलतं काय? बंपर, जाळी, हेडलॅम्प, टेललॅम्प. म्हणजे ट्रॅफिकमध्ये रिक्षा घासली तर आधी फुटतात तेच भाग! पूर्वी हेडलॅम्पचा बल्ब काही शे रुपयांत बदलून मिळायचा. आता अनेक गाड्यांत एलईडी दिवा सीलबंद असतो आणि बिघडला की अख्खी असेंब्ली घ्यावी लागते. 'झिरो डेप' विमा नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसाऱ्यात कापली जाते. त्यात तुमचा 'शेप' तीनच वर्षं निघालेला असेल, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही जुना भाग सहजी मिळत नाही. आणि विकायला काढली, की एजंटचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जुना शेप आहे हो, भाव पडणार."

याउलट बोलेरो बघा. २००० साली आलेल्या या गाडीचा मूळ ढाचा फारसा बदललेला नाही, म्हणून तिचं काम तालुक्याचा गॅरेजवालाही डोळे मिटून करतो.

मग बदलाचा फायदा कधीच होत नाही? होतो. रांजणगावात बनणारी नेक्सॉन २०१७ मध्ये आली. २०२० आणि २०२३ मध्ये तिचा चेहरा बदलला. पण २०२३ मध्ये तिच्या सगळ्या व्हेरिएंट्सना सहा एअरबॅग मिळाल्या, हा खरा लाभ. इतर गाड्यांचे असे लाभ बहुतांशी डिझायनरनी नव्हे, नियमांनी दिले. ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच गाड्यांना लागू झालेले टक्कर-चाचणीचे निकष, एप्रिल २०२० पासूनचं बीएस-६, ही त्याचीच उदाहरणं.

म्हणून सेल्समनला तीनच गोष्टी विचारा. सांगाडा नवा आहे का? सुरक्षेत काय वाढलं? हेडलॅम्पची असेंब्ली केवढ्याला? पहिल्या दोन्हींचं उत्तर गुळमुळीत आलं, तर सरळ जाणारं मॉडेल सवलतीत घ्या. दहा वर्षं गाडी वापरणाऱ्याला शेपचा भाव नडत नाही. तो नडतो दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला. कंपन्यांना हवं असलेलं गिऱ्हाईक नेमकं तेच.

– गाडीवान