चाकू घेताना रिव्हेट पाहा

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. बैलबाजार आणि घोंगड्या ही तिची ओळख. गिऱ्हाईक तिथे बैलाचे दात बघून, त्याला चालवून मगच सौदा ठरवतं. घडीचा चाकू मात्र नुसत्या चकाकीवर खपतो. हे बदलायला हवं.

बारीक पात्याच्या अशा चाकूचा सगळा जीव पातं मुठीला जोडणाऱ्या रिव्हेटमध्ये असतो. पातं उघडून आडवं हलवावं. ढिलं लागलं तर सरळ परत द्यावं. मिटल्यावर ते मुठीच्या खाचेत मधोमध बसतं का, की धार एका बाजूला घासते, हे उजेडात बघावं. उघडं पातं धरून ठेवणारी कमान कमजोर असेल, तर जोर देताना पातं बोटांवर मिटतं. फ्रान्समधल्या ओपिनेल चाकूचा जन्म १८९०चा. पातं अडवणारी फिरती कडी त्याला १९५५ साली मिळाली, ती याच धोक्यापायी.

घेताना दुरुस्तीचाही विचार करावा. मुरबाडशेजारच्या शहापूरच्या रानात खरं काम कोयत्याचं. त्याची मूठ ढिली झाली तर लोहार ती पुन्हा बसवून देतो. चाकूचं उघडं रिव्हेटही ठोकून घट्ट करता येतं. प्लास्टिकच्या मुठीत ते बुजवलेलं असेल तर दुरुस्तीचा मार्गच बंद. असा चाकू स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.