गुंड्याला विमानाने नेताना

गारखेड्याच्या एका भगिनींचं पत्र आलंय. यजमान गेल्यावर त्या आता लेकीकडे बंगळूरला कायमच्या राहायला निघाल्यात. सोबत गुंड्या, त्यांचा ९ वर्षांचा पग. त्या लिहितात, "नातेवाईक म्हणतात, कुणाला तरी देऊन टाका. पण ह्यांच्यामागे घरात बोलायला तोच होता. शेजारच्या वहिनी म्हणतात, अर्धी झोपेची गोळी द्या, बंगळूर येईस्तोवर उठायचा नाही. देऊ का?"

ताई, गुंड्याला देऊन टाकू नका, आणि गोळी तर मुळीच देऊ नका!

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. पगचं नाक मुळातच चपटं, त्यामुळे श्वासाला अडचण. त्यात गुंगीचं औषध दिलं की श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो, हेलकावा बसला तर तोलही सावरत नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०१० साली आकडे दिले होते. पाच वर्षांत विमानप्रवासात १२२ कुत्री दगावल्याची नोंद होती आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास चपट्या नाकाची! म्हणून गुंड्याला सामानाच्या कप्प्यात नको, आपल्या पायाशीच न्यायचं.

सगळ्या कंपन्या पाळीव प्राणी घेत नाहीत, तेव्हा तिकीट काढण्याआधी विचारा. चिकलठाण्याहून जमलं नाही, तर पहाटेच मोटारीने पुणं गाठा आणि तिथून विमान घ्या. केबिनमधलं वजन पिशवीसकट मोजतात, हे पुष्कळांना काउंटरवर कळतं. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ मध्ये ही सोय सुरू केली तेव्हा मर्यादा ७ किलोंची होती. मर्यादा बदलत असतात, सध्याची विचारून घ्या. गुंड्याला घेऊन काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या राहा, वजाबाकी करा. जास्तच भरला तर रेल्वेच्या पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्या. वेळ लागेल, पण तो तुमच्याजवळ राहील.

पिशवी मात्र आजच आणा. हवा खेळणारी, आत उभं राहून वळता येईल एवढी. तीत तुमच्या जुन्या लुगड्याची घडी घाला, न धुतलेली बरं का, तुमचा वास हवा. आठवडाभर जेवण तिच्यातच द्या, दार उघडं ठेवून. मग दोन मिनिटं बंद, मग दहा. सरावला की क्रांती चौकापर्यंत रिक्षाने फिरवून आणा. आपल्या रिक्षांच्या आवाजाला जो सरावला, त्याला विमानाचं काय!

डॉक्टरांना छाती तपासायला सांगा, पगच्या बाबतीत हे महत्त्वाचं. प्रवासयोग्य असल्याचा दाखला कंपनीला किती दिवसांच्या आतला लागतो ते विचारून घ्या. रेबीजच्या लसीची नोंदवही जवळ असू द्या. निघण्याआधी चार-पाच तास हलकं खाणं, पाणी मात्र थोडं थोडं देत राहायचं. सुरक्षा तपासणीला त्याला बाहेर काढावं लागतं, तेव्हा पट्टा आधीच बांधा. मे महिना शक्यतो टाळा.

बंगळूरला पोचलात की गुंड्याची खुशाली दोन ओळींत कळवा.