कंटाळ्याची दोन मापे

लोकप्रिय कादंबरी कंटाळवाणी वाटली तर ती अर्ध्यावर सोडावी काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेला क्षुल्लक वाटत आला आहे. तो क्षुल्लक वाटतो, कारण त्याचे उत्तर तिने विचार न करताच देऊन टाकलेले आहे. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) एखाद्या अभ्यासकाने शंभराव्या पानावर मिटली, तर ते त्याच्या प्रगल्भ अभिरुचीचे लक्षण ठरते. भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) बोरिवलीतील एखाद्या ग्रंथालय-सभासदाने शंभराव्याच पानावर परत केली, तर मात्र ती त्याची अपात्रता. कृती एकच, पानही एकच. पहिल्या ठिकाणी दोष संहितेचा, दुसऱ्या ठिकाणी वाचकाचा. हा न्याय कोणत्या सिद्धान्तावर उभा आहे, हे कोणी सांगत नाही. सांगता येणारही नाही.

वास्तविक कंटाळ्याचा विचार करण्याचे एक उत्तम साधन आपल्याच परंपरेत आहे. अभिनवगुप्तांनी 'अभिनवभारती'त सात रसविघ्ने सांगितली आहेत. त्यांतील काही उघडच कलाकृतीकडे बोट दाखवतात : प्रतीतीची साधने अपुरी असणे, प्रतीतीला स्फुटता नसणे. परंतु 'निजसुखादिविवशीभाव' हे विघ्न प्रेक्षकाच्या ठायी आहे. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेल्याचे चित्त समोरच्या नाट्यात रमत नाही. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या विघ्नावरचा उपायही अभिनवगुप्त नाट्याकडेच सोपवतात. गायन, वादन, मंडपाची शोभा यांनी त्या विवश चित्ताला ओढून आणायचे असते. बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये एका हाताने कडी धरून वाचणाऱ्या माणसाची विवशता काय असते, हे निराळे सांगायला नको. त्याला ओढून आणण्याची जबाबदारी 'मृत्युंजय' पत्करते. 'हिंदू' ती पत्करत नाही. न पत्करण्याचा अधिकार तिला आहेच. पण मग पुस्तक परत करणाऱ्याला अडाणी ठरविण्याचा अधिकार तिच्या कैवाऱ्यांना उरत नाही. 'कंटाळा आला' हा निर्णय नव्हे, ते लक्षण आहे. विघ्न कोणते, याची तपासणी तेथून सुरू व्हायला हवी. आपण तेथेच थांबतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, इतक्या आवृत्त्या निघालेल्या पुस्तकाला कंटाळवाणे म्हणणारे तुम्ही कोण? हा युक्तिवादही लंगडा आहे. आवृत्त्यांचा आकडा आणि ग्रंथालयाच्या प्रतीतील तारखांचे शिक्के, दोन्ही पुस्तक हाती घेतल्याची नोंद करतात. खाली ठेवल्याची नोंद कोठेच होत नाही. तिचा माग काढायचा तर पानांच्या कडा पाहाव्या लागतात. मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ यांसारख्या संस्थांच्या ग्रंथालयांनी उपनगरांत मराठी वाचक घडविला; अशा कोणत्याही जुन्या ग्रंथालयात एखादे गाजलेले पुस्तक पहिल्या तृतीयांशापर्यंत मळलेले आणि पुढे कोरे सापडू शकते. (महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही १९६७ चाच, हा योगायोग मोठा बोलका आहे.) 'मृत्युंजय'च्या माझ्या पाहण्यातील प्रती मात्र अखेरच्या पानापर्यंत सारख्याच मळलेल्या आहेत. तेव्हा तिच्या बाबतीत लोकांनी ती नुसती मिरवली, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही.

आणि तरीही मला 'मृत्युंजय' कंटाळवाणी वाटते. कथा ठाऊक आहे म्हणून नव्हे. कीर्तनाला बसलेल्यांनाही आख्यान ठाऊकच असते. कादंबरीचे भाग नऊ, निवेदक सहा : कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण. निवेदक बदलला की दृष्टी बदलेल, असे आश्वासन या रचनेतच आहे. ते पाळले जात नाही. राजमाता आणि सूतपुत्राचा धाकटा भाऊ एकाच अलंकृत, उपमांनी ओथंबलेल्या वाणीत बोलतात. प्रतीतीचे साधनच येथे अपुरे पडते, आणि हे कळण्यासाठी तीन निवेदक पुरेसे आहेत. भाषेबद्दलचा हा आक्षेप नोंदवून पुस्तक मिटणाऱ्याला 'आधी पूर्ण वाचा' असे दटावणे म्हणजे आक्षेप टाळणे होय.

परंतु रचनेबद्दल त्याने मौन पाळले पाहिजे. शेवटचा भाग श्रीकृष्णाचा आहे. प्रथमपुरुषी निवेदन करणारा कर्ण रणात पडल्यावर कथा दुसऱ्याच्या मुखी जाणे अपरिहार्य, आणि ते मुख कोणाचे असावे हा लेखकाचा निर्णय. तो फसला असे म्हणता येईल, साधला असेही म्हणता येईल. मध्येच उठून गेलेल्याला दोन्ही म्हणता येणार नाही. साक्षीदाराची साक्ष तो हजर होता तेवढ्यापुरतीच ग्राह्य असते.

डॅनियल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांत पुस्तक पुरे न करण्याचाही हक्क घातला. वाचकापुरते ते ठीकच. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'च्या वाचकाला तो दर आठवड्याला आपसूकच मिळत होता. अडचण आहे ती अभ्यासकाची. कलिन्याला मराठी घेऊन एम.ए. करणारा विद्यार्थी लोकप्रिय कादंबरी कंटाळून सोडतो आणि तिच्यावरचे उत्तर मार्गदर्शकातून लिहितो. त्याला गुण मिळतात, कारण 'स्वप्नरंजन', 'भावविवशता', 'अलंकृत शैली' हे तीन शब्द कोणत्याही लोकप्रिय कादंबरीला लागू पडतात. त्याने प्रामाणिकपणे लिहिले असते की, मी अमुक पानावर थांबलो, तेथे माझे चित्त अमुक कारणाने उडाले, तर बहुधा गुण कापले गेले असते. वस्तुतः समीक्षेची पहिली ओळ त्यानेच लिहिली असती. प्राध्यापकांनाही हा नियम लावावा. लोकप्रिय कादंबरीवरील प्रत्येक परीक्षणाखाली परीक्षक कोणत्या पानापर्यंत पोचला, तो आकडा छापावा. 'हिंदू'वर जे गौरवलेख लिहिले गेले, त्यांच्याखालीही.