बंदी दारूवर, मोकळीक चालकाला

वर्धा शहराला खेटून वसलेली सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी ही गावे कारभारापुरती ग्रामपंचायतीची असली, तरी तेथील बांधकामे, भाडेकरूंची वस्ती आणि दुचाकींची वर्दळ पाहता ती केव्हाच शहरात मुरली आहेत. ज्या वस्तीला नगरपालिका नाही, पण जिची लोकसंख्या किमान पाच हजार, घनता चौरस किलोमीटरला किमान चारशे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान तीन चतुर्थांश शेतीबाहेरच्या व्यवसायात आहेत, तिला जनगणनेच्या परिभाषेत ‘जनगणना नगर’ म्हणतात. म्हणजे शहराचे सारे प्रश्न अंगावर असतात आणि ते सोडवण्याची यंत्रणा मात्र गावाचीच राहते. मद्यपान करून वाहन चालवणे हा अशा प्रश्नांपैकी सर्वांत जीवघेणा आहे, आणि वर्धा जिल्ह्यात त्यावर उघडपणे बोलणेही अवघड होऊन बसले आहे, कारण येथे कागदोपत्री दारूच नाही.

सेवाग्राम आणि पवनारमुळे गांधी-विनोबांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. तिच्यामागे स्त्रियांच्या संघटनांचे बळ आहे आणि ती उठवावी असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. पण बंदीचा रस्त्यावर होणारा परिणाम पाहायला हवा. नागपूर, अमरावती आणि यवतमाळ या शेजारच्या जिल्ह्यांत दारूविक्रीला परवाने आहेत. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून असलेली बंदी राज्य मंत्रिमंडळाने मे २०२१ मध्ये उठवल्यापासून वर्ध्याची चारही बाजूंची सीमा ‘ओली’ झाली आहे. ज्याला प्यायची आहे तो सीमेपलीकडे जातो, तेथेच बसून पितो आणि पिऊन झाल्यावर स्वतःच वाहन चालवत परततो. परवाना असलेल्या शहरात जो माणूस कोपऱ्यावरच्या बारमधून पायी घरी गेला असता, तोच येथे बुटीबोरी-वर्धा-यवतमाळ या महामार्गावर रात्री हँडल धरून असतो. बंदीने पिणाऱ्यांची संख्या घटली असेलही; उरलेल्यांचे पिणे मात्र तिने वाहनाशी बांधून टाकले आहे.

जे सीमेपलीकडे जात नाहीत त्यांच्यासाठी हातभट्टी आहे. पोलिसांच्या ‘वॉश आऊट’ मोहिमांत मोहाचा सडवा, म्हणजे मोहफुले आंबवून भट्टीवर चढवण्यासाठी तयार केलेले रसायन, ओतून नष्ट केल्याच्या बातम्या वरचेवर छापून येतात. या दारूच्या बाटलीवर तीव्रतेचा आकडा नसतो, त्यामुळे ‘एकच ग्लास घेतला’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे प्रमाण मोजणारे श्वासविश्लेषक यंत्र, ज्याला पोलीस आणि चालक दोघेही ‘ब्रेथ अॅनालायझर’ म्हणतात, फुप्फुसातून येणाऱ्या हवेतील अल्कोहोलवरून रक्तातील प्रमाण काढते. यकृत ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगानेच ते प्रमाण उतरवते. त्यामुळे मध्यरात्री १२० वर असलेला माणूस पहाटे सहाला कुठे कायद्याच्या मर्यादेपाशी येतो. थंड पाण्याची आंघोळ आणि कडक चहा यांनी झोप उडते, अल्कोहोल नाही. पहाटे शाळेची व्हॅन किंवा दुधाची गाडी काढणाऱ्या चालकाला हे कुणी सांगितलेले असते काय?

दारूबंदीच्या नाकाबंदीत गाडीची डिकी उघडली जाते, सीटखाली हात घातला जातो, पेट्या मोजल्या जातात. चालकाच्या तोंडाला यंत्र लावले जातेच असे नाही. जप्त मालाची किंमत हा कारवाईचा मापदंड ठरल्यावर दुसरे काय होणार? देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि सरकारी अहवालात त्यातले जेमतेम अडीच टक्के मृत्यू मद्य वा अमली पदार्थांच्या नावावर आहेत. हा आकडा दिलासा देणारा नाही, कारण ज्या चालकाची तपासणीच झाली नाही तो ‘अतिवेग’ या रकान्यात जातो. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस जळून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा सुरुवातीची चर्चा टायर आणि डुलकीची होती. चालकाच्या रक्तातील अल्कोहोलचा प्रश्न प्रयोगशाळेच्या अहवालानंतर पुढे आला. पुण्यात कल्याणीनगरच्या मे २०२४ मधील मोटार अपघाताच्या प्रकरणात तर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला.

शिक्षेची जरब कडकपणापेक्षा पकडले जाण्याच्या खात्रीवर अवलंबून असते. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स प्रांताने डिसेंबर १९८२ पासून कोणत्याही चालकाला संशयाविना थांबवून श्वास तपासण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली आणि प्राणांतिक अपघात लक्षणीय घटले. आपल्याकडे कलम २०३ तपासणीसाठी ‘वाजवी संशय’ मागते. ही अट काढायची तर संसदेलाच दुरुस्ती करावी लागेल. तोवर सीमेवरच्या नाक्यांवर वाहन थांबवले जातेच, तेव्हा वास येणाऱ्या चालकाची तपासणी करायला कोणता कायदा आड येतो? नुसता वास, डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्या आणि लटपटणारी चाल पुरावा म्हणून पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितले असल्याने यंत्राची छापील नोंद आणि रक्ताचा सीलबंद नमुना अपरिहार्य आहे. सावंगी आणि सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये असलेल्या परिसरात रात्री नमुना घ्यायला डॉक्टर मिळाला नाही, ही सबब चालणार नाही.

तपासणी ३१ डिसेंबर आणि धुळवडीपुरती ठेवून भागणार नाही. ती वर्षभर, वार आणि ठिकाण बदलत, शहराच्या चौकांइतकीच मेघे गावांच्या जोडरस्त्यांवर व्हायला हवी. गंभीर अपघातातील प्रत्येक जिवंत चालकाची तपासणी झाली की नाही आणि नसल्यास का, याचा हिशेब जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने दर बैठकीत मागावा. पिणारा सापडला तर त्याच्यावर दारूबंदीचाही गुन्हा चढेल, या भीतीने सोबतचे मित्र त्याच्या हातची किल्ली काढून घेऊन पोलिसांना बोलावत नाहीत, हेही ध्यानात घेऊन अशा मदत करणाऱ्यांना त्रास होणार नाही, असे पोलिसांनी जाहीर करणे शहाणपणाचे ठरेल.

सिंदी (मेघे) ग्रामपंचायतीला चालकाची तपासणी करता येत नाही, मात्र ग्रामसभेला ती मागता येते. गांधी जयंतीच्या ग्रामसभेत दारूबंदीचा ठराव वाचला जाणार असेल, तर त्याच कागदावर गावच्या रस्त्यांवर रात्रीच्या नियमित तपासणीची मागणी आणि तिचे दरमहा आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची अट लिहून तो पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा.