ठोके वडिलांचे, संमती मुलाची



अलीकडे आपल्या घरांतील भेटवस्तूंचे स्वरूप बदलले आहे. पुण्या-नागपुरात नोकरी करणारा मुलगा दिवाळीला घरी येतो, तेव्हा आईवडिलांसाठी हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ घेऊन येतो. सावली, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली अशा गावांत दुकानाच्या गादीवर बसलेल्या ज्येष्ठांच्या मनगटावर असे घड्याळ दिसले तर आता कोणास नवल वाटत नाही. या भेटीमागील प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु घड्याळ सुरू करताना मोबाइलच्या पडद्यावर लांबलचक अटी येतात आणि त्यांच्या शेवटी असलेले ‘मान्य आहे’ हे बटण वडील दाबत नाहीत, मुलगा दाबतो. पुढे कधी हृदयविषयक संशोधनात सहभागी होण्याचे निमंत्रण त्याच पडद्यावर आले, तर तेही त्याच बोटाने स्वीकारले जाते. ठोके एकाचे आणि संमती दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. त्याचा विचार आज करावयाचा आहे.

आपल्या भागाला अशा संशोधनाची गरज नाही, असे मात्र कोणी समजू नये. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे शोधली. त्या अभ्यासात मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात हे निघाले. दर शंभर मृत्यूंपैकी सुमारे चौदा मृत्यू लकव्याने झालेले होते. शहरी सुखवस्तूंचा समजला जाणारा आजार धानाच्या बांधावर आणि जंगलाच्या कडेला पोहोचला आहे, हे गावोगावी मृत्यूंची नोंद घेतली, घरच्या माणसांकडून हकीकत विचारून घेतली, म्हणून कळले. लोकांनी आपल्या घरातील दुःखाची माहिती विश्वासाने दिली नसती, तर ते कळले नसते.

हृदय आणि पक्षाघात यांचा संबंधही असाच लोकांच्या सहभागातून उलगडला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांना घेऊन हृदयरोगाचा अभ्यास सुरू झाला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याच्या विकाराला ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, हे त्या गावकऱ्यांच्या नोंदींवरून दिसून आले. मनगटावरील घड्याळाकडे संशोधकांचे लक्ष गेले ते याच कारणाने. घड्याळाच्या तळाशी असलेला हिरवा प्रकाश कातडीखालील रक्ताच्या प्रवाहावरून नाडी टिपतो आणि तिची लय बिघडल्यास इशारा देतो.

या इशाऱ्याची मोठी परीक्षा स्टॅनफर्ड विद्यापीठाने ॲपल कंपनीच्या आर्थिक साहाय्याने घेतली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ४,१९,२९७ व्यक्तींनी मोबाइलवरच संमती देऊन तीत भाग घेतला. त्यांपैकी केवळ २,१६१ जणांना, म्हणजे दोनशेत साधारण एकाला, अनियमित नाडीचा इशारा मिळाला. अशांना छातीवर लावावयाची ईसीजी पट्टी पाठविण्यात आली. तपासण्याजोगी पट्टी परत आली ती ४५० जणांची आणि त्यांतील ३४ टक्के जणांत तो विकार आढळला. हा विकार येऊन-जाऊन असू शकतो, म्हणून उरलेल्यांचा इशारा खोटाच होता असे म्हणता येत नाही. तथापि घड्याळ म्हणजे वैद्य नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे. हे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, असे ती कंपनी स्वतःच सांगते. छातीत कळ आली असता घड्याळ गप्प आहे म्हणून घरी बसून राहणे जिवावर बेतेल. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आता माहितीच्या गोपनीयतेकडे वळू. ‘ठोकेच तर आहेत, त्यांत लपवण्यासारखे काय?’ असे अनेकांना वाटते. परंतु घड्याळ ठोक्यांबरोबर झोप, चालणे आणि परवानगी दिली असल्यास ठिकाणही नोंदविते. वर्षभराच्या अशा नोंदींवरून माणूस पहाटे किती वाजता उठतो, मंदिरात केव्हा जातो, पर्युषणात किती दिवस उपवास करतो, दुकान कधी उघडतो, केव्हा आजारी पडला, याचा अंदाज बांधता येतो. ‘नाव काढून टाकले आहे’ हे आश्वासनही पुरेसे नसते. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्याच्या वाटांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यात कोणाचेही नाव नव्हते. तरीही निर्जन प्रदेशांतील लष्करी तळ त्यावर उमटलेले आहेत, हे जानेवारी २०१८ मध्ये जगाच्या लक्षात आले. मुंबईसारख्या शहरात एखादा अनामिक रुग्ण गर्दीत हरवून जाईल. परंतु सावलीतील अडुसष्ट वर्षांचे, हृदयविकार असलेले कापडाचे व्यापारी एवढे म्हटले, तर नाव सांगण्याची गरज उरेल काय?

दिलेली माहिती ज्याच्या हाती दिली त्याच्याच हाती राहील, असेही नाही. फिटबिट ही घड्याळे बनविणारी कंपनी गूगलने २०२१ च्या जानेवारीत विकत घेतली. या व्यवहारास मान्यता देताना युरोपीय संघाने अट घातली की, तेथील वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती दहा वर्षे जाहिरातींसाठी वापरता येणार नाही. ज्यांनी ते घड्याळ आधीच घेतले होते, त्यांनी विश्वास एका कंपनीवर ठेवला होता आणि मालक दुसरी झाली. युरोपात निदान अट घालणारे कोणी होते.

माहिती माणसानंतरही उरते, याचे उदाहरण सावलीशी निगडित आहे. फेब्रुवारी १९३६ च्या अखेरीस गांधी सेवा संघाच्या संमेलनासाठी महात्मा गांधी सावलीस आले. त्याआधीचे काही आठवडे वाढलेल्या रक्तदाबामुळे त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली होती. त्यांच्या प्रकृतीचे कागद जपले गेले आणि रक्तदाबाच्या व हृदयाच्या तपासणीच्या नोंदी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. ज्यांनी आपल्या देहावरील प्रयोगही जगापासून लपविले नाहीत, त्यांच्या बाबतीत हे शोभून दिसते. सामान्य माणसाने मात्र आपल्या पश्चात आपल्या नोंदींचे काय व्हावे, हे स्वतः ठरविले पाहिजे.

आपल्या देशात २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. संमती मुक्त, विशिष्ट उद्देशापुरती आणि समजून-उमजून दिलेली असावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे हा कायदा म्हणतो. मृत्यूनंतर आपले अधिकार वापरण्यासाठी कोणास नेमावयाचे, हे सांगण्याची सोयही त्यात आहे. संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत मागता येईल. त्यामुळे मराठी वाचकाची सोय झाली. परंतु आपल्या शेजारच्या गोंड आणि माडिया बांधवांची गोंडी भाषा त्या अनुसूचीत नाही. त्यांना समजावून सांगण्याचे कर्तव्य माणुसकीवर सोडलेले आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणास माहीत नसते. माहिती केवळ संशोधनासाठी, ठरावीक मानकांनुसार वापरली जात असेल आणि तिच्या आधारे त्या व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जात नसेल, तर हा कायदा तिला सूट देतो. मग संशोधनात आपला आधार कोणता? तो आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिनियमांचा आणि नीतिसमितीचा. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या संमतीच्या वेळी निःपक्षपाती साक्षर साक्षीदार उपस्थित असावा आणि सहभागी कधीही बाहेर पडू शकावा, असे ते नियम सांगतात.

हे नियम शब्दच राहिले तर काय होते, याचा दाखला फार दूरचा नाही. सिरोंच्याहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की भद्राचलमचा परिसर लागतो. तो तेव्हा आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्यात २००९ मध्ये दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा अभ्यासप्रकल्प झाला. २०१० मध्ये सरकारने तो थांबविला. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कठोर ताशेरे ओढले. पालकांच्या संमतीऐवजी अडीच हजारांहून अधिक संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. विषय लसीचा होता, हृदयाचा नव्हता. पण देह एकाचा आणि सही दुसऱ्याची, हा दोष तोच. तेथे सही करणारा अधिकारी होता. आपल्या घरात तो प्रेमळ मुलगा असतो, आणि प्रेमामुळे तो दोष डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून अशा संशोधनात भाग घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. हे संशोधन कोण करीत आहे आणि कोणत्या नीतिसमितीने त्यास मान्यता दिली? नेमके काय नोंदविले जाईल: केवळ नाडी, की ठिकाण आणि झोपही? माहिती आणखी कोणाला दिली जाईल आणि कंपनी विकली गेली तर तिचे काय होईल? काही धोक्याचे आढळल्यास मला कोण व केव्हा कळवील, आणि पुढील तपासणीचा खर्च कोणाचा? मी बाहेर पडलो, तर आजवरच्या नोंदी पुसल्या जातील की राहतील? संशोधनाची संमती आणि घड्याळाच्या कंपनीच्या अटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही विसरू नये. एकीतून बाहेर पडल्याने दुसरी संपत नाही.

मुलांना एवढेच सांगणे आहे की, घड्याळ आणाल तेव्हा सोबत एक तासही आणा. आईवडिलांजवळ बसून अटींचा आशय मराठीत वाचून दाखवा, त्यांचे प्रश्न ऐका आणि बटण त्यांच्याच बोटाने दाबू द्या. दुकानातील नोकरास किंवा शेतावरील गड्यास असे घड्याळ कोणी बांधू पाहील, तर त्यालाही त्याच्या भाषेत सांगा. आणि सर्व ऐकून वडील ‘नको’ म्हणाले, तर तो त्यांचा अडाणीपणा समजू नका. दीर्घ आयुष्यात त्यांनी न वाचलेल्या कागदावर सही न करण्याची शिस्त पाळली आहे. त्या शिस्तीवरच आपली पेढी उभी राहिली.