उनो, दोस, त्रेस... जिना चढता चढता

दिल्लीतील मराठी घरातले मूल आधीच तीन भाषांत वावरत असते. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यात आता स्पॅनिशची भर! राजधानीतील अनेक खासगी शाळांत ती शिकवली जाते. हनुमान रोडवर २००९ पासून स्पेनचे 'इन्स्तितुतो सेर्वांतेस' हे भाषाकेंद्रही आहे. मग सुरुवात घरीच का करू नये, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे.

जरूर करावी, पण वही-पेन्सिल न घेता. लहान मुलाच्या लक्षात राहतो तो प्रसंग, आणि त्याला चिकटून शब्द. जिना चढताना 'उनो, दोस, त्रेस' असे मोजावे. पाणी देताना 'आग्वा', दूध देताना 'लेचे' म्हणावे. दिवा मालवताना 'ब्वेनास नोचेस', म्हणजे शुभ रात्री. रोज तीच वेळ, तोच शब्द. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' मात्र नको.

मराठी जिभेला हे फारसे जड जात नाही. स्पॅनिशमधले त आणि द मराठीसारखेच दंत्य आहेत. काही शब्द तर नात्यातलेच. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले पाव आणि बटाटा स्पेनमध्ये 'पान' आणि 'पाताता' होतात.

एक पथ्य पाळावे. झोपतानाची गोष्ट, रुसवे-फुगवे आणि नागपूरच्या आजीशी फोनवरच्या गप्पा मराठीतच राहू द्याव्यात. हिंदी गल्लीत मिळेल, इंग्रजी शाळेत, स्पॅनिश पुढे वर्गातही. मराठी मात्र मुलाला घरातूनच मिळायची आहे.